पाय कुणी कुणाचे धुवायचे

श्रावणातल्या एका सोमवारी माझी बायको गेली.

त्याच्या आधीच्या शुक्रवारी मी आमच्या या कानडी शहरातल्या शिवाजीनगरहून औषधं घेऊन आलो, तेव्हा तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. फटीतून पाहिलं. समोरच्या घरातल्या बाई पलंगाजवळ खुर्चीत बसल्या होत्या. त्यांचे पाय स्टुलावरच्या परातीत होते, आणि ही, जिला उशीला टेकूनही धड बसवत नव्हतं, वाकून त्यांच्या पायांवर पाणी घालत होती. मग तिने पदराने ते पुसले. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवली. परत आलो तर परात कोपऱ्यात उभी.

“काय चाललं होतं?”

“काही नाही. गप्पा.”

ते ‘काही नाही’ माझ्या मनात रुतून बसलं. श्रावणी शुक्रवारी पाय धुण्याची रीत आमच्याकडे आहे, पण ती सवाष्णीचे. बाई ख्रिस्ती, आणि नवरा जाऊन बरीच वर्षं झालेल्या. म्हणजे ही रीत आमची नव्हती. मग कुणाची?

ती गेल्यावर शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला राहणारी माझी चुलतबहीण भेटायला आली. तिने हळूच विचारलं, “अण्णा, त्या रोज कशाला यायच्या रे? यांचं असंच असतं. आधी डबा, मग प्रार्थना.”

“डबा तूही आणू शकली असतीस,” मी म्हणालो. पण तिचं बोलणं मला पटलं होतं.

सुतकातच मी बायबलच्या नव्या कराराची मराठी प्रत आणली आणि चोराच्या मागावर निघावं तसा वाचत गेलो. जिथे तिथे माणसं वाकत होती. एक बाई गुरूचे पाय केसांनी पुसते. लोक वाटेवर अंगावरचे कपडे अंथरतात. शेवटाकडे तर वडीलधारे डोक्यावरचे मुकुट काढून सिंहासनापुढे ठेवतात. इथवर मला अडचण आली नाही. शरण जाताना आपल्याकडेही पगडी पायावर ठेवत. धाकट्याने थोरापुढे वाकायचं, एवढंच. पण त्याच्या बऱ्याच आधी, शेवटच्या जेवणाच्या रात्री, गुरूच उठतो, कमरेला पंचा बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. एक शिष्य नको म्हणतो. मला तो एकटाच कळला. इथे मान कुणाला मिळाला आणि शरण कोण गेलं? वर गुरू सांगतो, तुम्हीही एकमेकांचे असेच धुवा. मला पुरावा मिळाला.

तेराव्यानंतर बाई डबा घेऊन आल्या. मी दारातच विचारलं, “हिला तुम्ही तुमच्यात घेतलंत का?”

“परातीत?” त्या म्हणाल्या. “अण्णा, त्याला फादर लागतात. आणि पाणी डोक्यावर घालतात, पायावर नाही.” त्यांना हसू आलं, मग त्या रडायला लागल्या.

“मी पाय मागे घेतले होते. म्हटलं, अक्का, मला नवरा नाही, तुमच्यात हे चालत नाही. तर मला म्हणते, गप बस, सवाष्ण शोधत बसले तर श्रावण संपेल. मग मी तिला आमची ती शेवटच्या जेवणातली पाय धुण्याची गोष्ट सांगितली. म्हणाली, सरी, ठीक, दोन्हीकडचं झालं.”

“मला का नाही सांगितलं?”

“मी विचारलं होतं. म्हणाली, त्यांना सांगितलं की ते अर्थ विचारत बसतील. मला स्वल्प शांत पडू दे.”

हे बोलणं तिचंच. असं दुसऱ्या कुणाला जमणार नाही. पण सांगणाऱ्या बाई, आणि खोलीत तिसरं कुणी नव्हतं. ती आमची म्हणून गेली की त्यांची, की दोन्ही सोडून, हे मला माहीत नाही.

बाई अजून येतात. मी चहा करतो. आम्ही तिच्याविषयी बोलतो आणि मी त्यांचं निम्मं खरं मानतो.