नववा नियम

रेवा, अद्वैत — हे मी तुमच्या आजोबांनाही सांगितलं नव्हतं. कितीदा तोंडापर्यंत आलं आणि प्रत्येक वेळी मी चहा ठेवायला उठले. आता ते नाहीत, आणि एका कपाचा चहा लवकर होतो. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणजे हे तुमची आईच वाचून दाखवणार. तिलाही आत्ताच कळेल. कळू दे.

निमित्त गेल्या महिन्यातल्या फोनचं. रेवा, तुझ्या नव्या कॉलेजने आईवडिलांची सभा घेतली होती. विद्यार्थ्याशी कुणी गैर वागलं तर तक्रार कुणाकडे करायची, चौकशी कोण करतं, तोवर वर्ग किंवा खोली कशी बदलून मिळते, घरच्यांनी मुलीला काय विचारावं आणि काय विचारू नये — सगळं नीट समजावलं म्हणे. तुझी आई भरभरून सांगत होती. मग तिने सहज विचारलं, "आई, तुमच्या कॉलेजात तेव्हा असं काही होतं का गं?"

मी म्हणाले, "नाही गं. तेव्हा कुठलं?"

हेच उत्तर मी आधी एकदा दिलं होतं — परभणीतच, माझ्या टेबलामागे बसून, एका बापाला. तेव्हाही ते खोटं होतं.

होतं, असं काहीतरी होतं. मीच लिहिलं होतं.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि मुलींच्या वसतिगृहाची रेक्टरही होते. विद्यापीठाची माणसं तपासणीला यायची होती, म्हणून प्राचार्यांनी मला नियमावली करायला सांगितली. माझं शिक्षण हैदराबादला इंग्रजी शाळेत झालेलं, आणि टापटिपीची हौस तर तुम्हाला ठाऊकच आहे. मी एकवीस नियम लिहिले. वीस नियम इतर कॉलेजांसारखेच होते. नववा मी माझ्या मनाने घातला. एखाद्या मुलीची शिक्षकाविरुद्ध तक्रार असेल तर काय करायचं, याचा. का घातला? खरं सांगायचं तर, चांगला दिसेल म्हणून.

टाईप झालेली प्रत मूळ कागदाशी ताडून बघायला मी वसतिगृहातल्या एका मुलीला बसवलं. तिला सुजाता म्हणते — खरं नाव लिहायचा हक्क मला नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. वडील पालमकडच्या रस्त्यावर मैलकुली, म्हणजे सरकारी रस्त्याचे खड्डे बुजवणारे कामगार. घर बौद्ध. मूळ कागद ती मोठ्याने वाचायची, मी टाईप केलेल्या प्रतीवर खुणा करायचे. विरामचिन्हंसुद्धा वाचायची — "कॉमा, बाई... फुलस्टॉप, बाई" — आणि आम्ही दोघी हसायचो. नववा नियम वाचून झाल्यावर ती म्हणाली होती, "हा चांगलाय, बाई."

हे लक्षात ठेवा. मी विसरायचा फार प्रयत्न केला.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी ती संध्याकाळच्या हजेरीआधी माझ्या खोलीत आली. प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सही हवी म्हणून एका प्राध्यापकाने तिला प्रयोगशाळेत मागे थांबवून घेतलं होतं. पुढचं तिने मला सांगितलं. शब्द न् शब्द पाठ आहे, पण ते तिचं आहे, मी इथे लिहिणार नाही. रडली नाही. सांगून झाल्यावर माझ्याकडे बघत राहिली. कशाची वाट बघत होती, ते तुम्हाला कळलं असेल. मलाही कळलं होतं.

नियमात पहिली अट होती — तक्रार लेखी हवी. मी म्हणायला हवं होतं, "लिहून दे." कागदही समोर होता. मी म्हणाले, "वडिलांना बोलावून घे."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना सांगितलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. घाबरट होते, माझ्यासारखेच. नामांतराची वर्षं ती. आज मोर्चा, उद्या बंद. विद्यापीठाच्या नावावरून स्टाफरूममध्येसुद्धा माणसं वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसायची. ते म्हणाले, "बाई, पोरगी त्या समाजातली. हे प्रकरण कुठल्या कुठं जाईल. बापाला तुम्हीच समजावा, तुमचं ऐकतील ते लोक." मी नियमावलीचं नाव काढलं तर हसले. "अहो, ती तपासणीवाल्यांसाठी होती. मैलकुली काय इंग्रजी वाचायलाय?"

मीही हसले. मोठ्याने नाही, पण हसले.

वडील पहिल्या एस.टी.ने आले. धुतलेला सदरा, हातात भुईमुगाच्या ओल्या शेंगांची पिशवी — माझ्यासाठी. खुर्चीच्या कडेवर टेकले. सुजाता त्यांच्या शेजारी बसली. मी टेबलामागे. नियमावली टेबलाच्या वरच्या खणात होती, आणि खणाला कुलूप नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "पोरगी खोटं बोलायली न्हाई. लहान असताना शेजाऱ्याच्या चिंचा पाडायची आन् सोताच जाऊन सांगायची. लय मार खाल्लाय तिनं खरं बोलून." एवढं बोलून ते लेकीकडे बघून जरा हसले. ती हसली नाही. मग ते पुढे झाले.

"आमी रस्त्यावरची मानसं. आमच्यात काई झालं तर मुकादमाला सांगायचं. मुकादमानं न्हाई ऐकलं तर सायबाकडं जायचं. तसं हितं कुनाकडं जायचं असतंय? काई कायदा हाय का हितं?"

असा नेमका प्रश्न मला वर्गात कधी कुणी विचारला नाही. आणि उत्तर माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर होतं.

मी म्हणाले, "नाही. असा काही नियम नाही."

सुजाताने मान वर केली. रागाने नव्हे — पाठ केलेलं काहीतरी पुन्हा तपासून बघावं, तसं तिने माझ्याकडे पाहिलं. तिला नववा नियम ठाऊक होता. स्वल्पविरामांसकट ठाऊक होता. तिला ठाऊक आहे, हे मला ठाऊक होतं. आणि मी बोलत राहिले.

नुसतं "नाही" म्हणून थांबले असते तर? पण मी पुढेही बोलले. दिवस कसे आहेत ते तुम्ही जाणता. गोष्ट बाहेर गेली तर लोक वेगळा अर्थ काढतील. गावात तुमचं घर आहे. — हे मी कुणाला सांगत होते? अठ्ठ्याहत्तर साली दंगलीत यांचं घर जाळलं होतं. सुजातानेच मला एकदा सांगितलं होतं, विश्वासाने. ते मी लक्षात ठेवलं आणि त्या दिवशी वापरलं.

"घर तर एकदा जळून झालंय, बाई," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. मी आणखी काही बोलेन अशी त्यांना आशा असावी. मी शेंगांच्या पिशवीकडे बघत होते.

"मंग पोरगी घरी नेतो."

दाखल्यासाठी अर्ज लागतो. तो मीच लिहिला, माझ्या वळणदार अक्षरात. कारण — घरगुती अडचण. त्यांनी खाली सही केली, एकेक अक्षर जोडत, आणि पुन्हा मलाच दाखवली, बरोबर आली का म्हणून. बरोबर होती.

दारात सुजाता थांबली. त्या सगळ्या वेळात ती एकदाच बोलली, आणि तेही माझ्याशी नाही. "चला आबा," ती म्हणाली, "बाईला सगळे नियम पाठ हायेत."

"म्हनून तर ह्यांच्याकडं आलो ना," ते म्हणाले, आणि त्यांनी मला हात जोडले.

मी असं का केलं? वर्षानुवर्षं मी कारणं शोधली आहेत, आणि सापडली की मला बरं वाटतं — म्हणून ती इथे लिहिणार नाही. एकच लिहिते. चौकशी समितीत एक बाई हवी, असं नवव्या नियमात होतं. ती बाई मीच झाले असते. रोज ज्याच्याबरोबर चहा घेते त्याच्यासमोर बसून मला ते प्रश्न विचारावे लागले असते. ते मला नको होतं. बस. आणि ती मुलगी आमच्या गल्लीतल्या एखाद्या डॉक्टरची असती तर? तर मी खण उघडला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

तो प्राध्यापक निवृत्तीपर्यंत शिकवत राहिला. त्याच्या प्रयोगशाळेत आणखी किती मुली जर्नल घेऊन थांबल्या असतील? मी मोजू शकत नाही. विचारलंच नाही कधी.

आणखी एक आहे. ते सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही.

दोन वर्षांनी मी परीक्षेच्या कामासाठी पालमला निघाले होते. रस्त्यावर डांबराचं काम चाललेलं. लाल झेंडी दिसली आणि एस.टी. थांबली. झेंडी धरणारे तेच होते. त्यांनी मला खिडकीत ओळखलं. झेंडी दुसऱ्याकडे देऊन धावत आले, तोंडावरचं फडकं खाली ओढत.

"बाई! बऱ्या हाव का?"

मी सुजाताची चौकशी केली. लग्न झालं, नांदेडकडे दिली, म्हणाले. मग धाकटीचं सांगायला लागले. दहावीला फस्ट क्लासात आली. मास्तर घरी येऊन गेले, कॉलेजला घाला म्हणून. "पन न्हाई घातली. तुमीच बोलले होते ना, तिथं आपल्यासाठी काई कायदा न्हाई. मास्तरला बी तेच सांगितलं — म्हनलं, बाईनं सोता सांगितलंय."

खिडकी उघडी होती. गाडी उभी होती. रोलर जाईपर्यंत चांगली पाच मिनिटं उभी होती. धाकटीचं वय तेव्हा सोळा असेल. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणाले, "हं."

गाडी सुटली तेव्हा त्यांनी हिरवी झेंडी वर धरली होती.

निवृत्त झाले तेव्हा भाषणांत सगळे मला "नियमांच्या बाई" म्हणाले. शाल दिली. ती तुम्ही पाहिली आहे, दिवाणावर असते.

नियमावलीची ती प्रत अजून माझ्याकडे आहे. नियम इंग्रजीत होते. मराठीत कधी केलेच नाहीत. नववा आज करते —

"कोणत्याही विद्यार्थिनीने शिक्षकाच्या गैरवर्तनाची लेखी तक्रार दिल्यास प्राचार्य ती पंधरा दिवसांच्या आत तीन जणांच्या समितीपुढे ठेवतील. समितीत एक स्त्री असेल. चौकशी चालू असताना त्या शिक्षकाकडे तिचा वर्ग किंवा परीक्षा राहणार नाही, आणि तिला वसतिगृह किंवा कॉलेज सोडावं लागणार नाही. तिच्या आईवडिलांना हा नियम त्यांच्या भाषेत समजावून सांगितला जाईल."

शेवटचं वाक्यही माझंच. ते समजावून सांगणं रेक्टरचं काम होतं.