दार अडवणार कोण?

वानपेनशी संसार मांडला म्हणून नूडल्सवाल्या लामदुआनला बापानं घराबाहेर काढलं, त्याला वीस वर्षं झाली. यंदा थायलंडच्या कायद्यानं दोन बायकांचं एकमेकींशी लग्नही मान्य केलं, आणि लग्नाच्या सकाळी तोच म्हातारा, नवऱ्याकडचे नवरीच्या घरी नेतात ते केळीचं रोप खांद्यावर घेऊन लामदुआनच्या वरातीत हजर!

पुलावर समोरून वानपेनचीही वरात वाजतगाजत आली. दोन्हीकडचे स्वतःलाच नवऱ्याकडचे समजत होते.

"अगं बाई! मग नवरीच्या दारात सोनसाखळी धरून वरात अडवणार कोण?" वानपेनची आत्या ओरडली. "घरी तर कुत्रंसुद्धा नाही!"

हशा पिकला. म्हातारा हसला नाही.

"दार मी वीस वर्षं अडवलंय. तेवढं बास."

लामदुआननं भर पुलावर त्याचे पाय धरले.

"ऊठ," तो म्हणाला. "बायकोला घेऊन घरी चल."