दोन निरोगी दात आणि टोपीचा मफलर

"दातांचा काही संबंधच नाही," न्यूरोलॉजिस्ट म्हणाले. "याला ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया म्हणतात."

त्यांना जेमतेम पाच मिनिटं लागली होती. कुठे दुखतं, किती वेळ दुखतं, कशाने सुरू होतं, एवढंच त्यांनी विचारलं. मी उत्तरं कागदावर लिहून दिली, कारण बोलायला तोंड उघडलं की उजव्या गालात वीज शिरायची.

त्यांनी समजावून सांगितलं. चेहऱ्याला झालेला स्पर्श मेंदूपर्यंत नेणारी एक नस असते. मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी तिला टेकून घासत राहिली की ती नस बिघडते. मग साधी झुळूकसुद्धा शॉक बसल्यासारखी लागते. "पुष्कळ पेशंट आधी दात काढून येतात," ते म्हणाले. "तुम्ही किती काढले?"

मी दोन बोटं वर केली. शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याने, विलासने, मान खाली घातली.

निदान झाल्यावर हायसं वाटतं असं लोक म्हणतात. मला राग आला. सहा महिने मी जे भोगलं त्याला नाव होतं, औषध होतं, आणि ते ओळखायला पाच मिनिटं पुरत होती.

तुमचा गाल असा दुखत असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे.

मी बडोद्यात, गोरव्याच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. आम्ही प्रतापनगरला राहतो. विलास रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहे. जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल. सकाळी दात घासताना उजव्या जबड्यात असा झटका बसला की ब्रश हातातून बेसिनमध्ये पडला. काही सेकंदच. मग काहीच नाही. मी आरशात बघत उभी राहिले. गाल नेहमीसारखाच होता.

दोन दिवसांनी चहाचा घोट घेताना तेच. मग टॉवेलने तोंड पुसताना. मग शाळेच्या वाचनालयात पंखा लावला तेव्हा.

दाताच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि रूट कॅनाल केलं, म्हणजे दाताच्या आतली नस काढून पोकळी भरून टाकली. चार दिवसांत दुखणं परत आलं. मग त्यांनी तो दातच काढला. "हवे सारुं थई जशे, बेन," ते म्हणाले. आता बरं वाटेल. वाटलं नाही. दुसरा दात काढायला ते जरा कां कूं करत होते, तेव्हा मीच हात जोडले. "काढून टाका. काय वाटेल ते करा, पण हे थांबवा." हेही मला इथे लिहिलंच पाहिजे.

नंतर एका फिजिशियनकडे गेलो. रक्ताच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या. "या वयात असं होतं," ते रिपोर्टकडे बघत म्हणाले. "टेन्शन घेऊ नका." आणि झोपेची गोळी लिहून दिली. माझ्याकडे त्यांनी एकदाही नीट पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दिसलं असतं, की मी उजवीकडे केसाची बटसुद्धा येऊ देत नव्हते.

घरी वेगळंच चाललं होतं. मी बोलणं कमी केलं, तर मी रुसले आहे असं सगळ्यांना वाटलं. एकदा विलास फोनवर त्याच्या बहिणीला सांगत होता, "अगं, हिला काही म्हणजे काही सहन होत नाही. दातदुखी कोणाला नसते?" मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. सगळं ऐकलं. उत्तर देता आलं नाही. भांडायलाही तोंड लागतं, आणि माझं तोंडच माझ्या ताब्यात नव्हतं. लाटणं आपटलं आणि उरलेली कणीक तशीच झाकून ठेवली.

नोव्हेंबरात समोरच्या हंसाबेन वाटीभर ढोकळा घेऊन आल्या. मी एक तुकडा डाव्या बाजूने चावला आणि तरीही झटका बसला. दोन्ही हात गालापासून वीतभर दूर धरून मी तशीच थिजले. हात लावायचीही भीती वाटायची. हंसाबेन बघत राहिल्या.

"आ दांतनुं नथी," त्या म्हणाल्या. "हे दाताचं नाही, नसेचं आहे. माझ्या मासीला अस्संच व्हायचं. मोठ्या डॉक्टरला दाखव."

शेजारीण पाहूनच ओळखते, आणि पाटी लावून बसलेले दोघे डॉक्टर ओळखत नाहीत! पुढचे कितीतरी दिवस मी मनात हेच वाक्य घोळवत होते.

अशी मी त्या न्यूरोलॉजिस्टकडे पोचले, आणि त्यांनी एमआरआय काढायला सांगितला. त्यासाठी डोकं एका साच्यासारख्या चौकटीत ठेवतात. त्या चौकटीची गादी माझ्या गालाला लागली आणि मी ओरडले. टेक्निशियन वैतागला. "हिलना मत, आंटी." चित्रं हलली म्हणून पुन्हा सगळं केलं. रिपोर्टमध्ये गाठ नव्हती. रक्तवाहिनी नसेला टेकलेली दिसत होती. औषधाने भागलं नाही तर ऑपरेशन करून ती बाजूला करता येते, असं न्यूरोलॉजिस्ट म्हणाले. आधी गोळी. कार्बामाझेपिन. फिट येणाऱ्यांना देतात ती ही गोळी, भडकलेल्या नसेला शांत करते. हळूहळू वाढवायची, आणि रक्तातलं सोडियम उतरत नाही ना, ते अधूनमधून तपासायचं. मनाने बंद करायची नाही.

झटके कमी झाले, पण भिंत धरून चालायची वेळ आली. गोळीने गरगरायचं. आणि डिसेंबर लागला होता.

बडोद्याची थंडी ती काय, असं तुम्ही म्हणाल. सकाळी सात वाजता उघड्या रिक्षात बसून गोरव्याला जाऊन बघा. ओढणी गुंडाळली तर ती वाऱ्याने फडफडून गालालाच लागायची. बाजारातली कानटोपी गाल आवळायची. मला वारा अडवणारं, पण गालाला न शिवणारं काहीतरी हवं होतं, आणि तसलं काही कोणी विकत नव्हतं.

"आपण विणू," हंसाबेन म्हणाल्या.

त्यांनी टोपीचा मफलर सुचवला. म्हणजे मफलरच, पण मधल्या भागाला मोठी टोपी जोडलेली, आणि दोन्ही टोकं गळ्याभोवती घ्यायची. टोपीच्या कडेला वेणीची वीण. मला सुलट-उलट यायचं, वेणी कधी केली नव्हती. त्यांनी दाखवलं. तीन टाके छोट्या जादा सुईवर घेऊन पुढे धरायचे, पलीकडचे तीन आधी विणायचे, मग धरलेले तीन. टाके एकमेकांवरून जातात, म्हणून वीण दुप्पट जाड होते आणि कड लोळत नाही. ती गालापासून दोन बोटं पुढे उभी राहायला हवी होती.

मांडवीजवळच्या दुकानातून आमसुली रंगाची जाड लोकर आणली. शाळेतून आले की मी विणायला बसायची. गोळीच्या गुंगीत टाके मोजताना चुकायचं. एकदा पाहते तर एक वेणी उलट दिशेला वळलेली, आणि तीही तीस ओळी खाली. मी सगळं उसवलं. उसवताना त्या फिजिशियनचा चेहरा डोळ्यांसमोर होता. पुन्हा विणायला घेतलं तेव्हा टाके इतके आवळले गेले की सुई शिरेना.

"रागात टाका आवळतो," हंसाबेन हसून म्हणाल्या. त्यांनी कड चिमटीत धरून वाकवून पाहिली. वाकली नाही. "या वेळी बरंच आहे. असंच विण."

मी तसंच विणलं. दुसऱ्या दाताच्या वेळी जोडलेले माझे स्वतःचे हातसुद्धा मला त्या कामात आठवत होते.

एका संध्याकाळी विलास लोकरीची लडी दोन्ही हातांवर ताणून समोर बसला आणि मी गुंडा करत होते. तो म्हणाला, "मी तुझं ऐकायला हवं होतं."

अशा वेळी बायका "असू दे हो" म्हणतात. मीही आयुष्यभर म्हणत आले होते.

"हो," मी म्हटलं. "ऐकायला हवं होतं."

 तो हात खाली न घेता लडी संपेपर्यंत बसून राहिला. पुढच्या तपासणीला त्याने रजा टाकली, आणि वहीत माझ्या झटक्यांची नोंद स्वतः लिहून आणली. माफ केलं का? तेव्हा नाही. हळूहळू होतं आहे.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, मी गच्चीवर गेले. सगळं शहर वाऱ्याची वाट बघत होतं, आणि मी एकटी तो पडावा म्हणत होते. तो आला. पतंग उचलले गेले, पोरं ओरडली. लोकरीची कड थोडी थरथरली, पण गालाला लागली नाही. मी उंधियुची वाटी घेतली आणि डाव्या बाजूने, सावकाश, सगळी संपवली.

त्याच महिन्यात मी दाताच्या डॉक्टरांकडे गेले. एमआरआयचा रिपोर्ट त्यांच्या टेबलावर ठेवला.

"माझ्या एक्स-रेत तुम्हाला कीड दिसली होती?" मी विचारलं.

 "नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण बेन, दुसऱ्या वेळी तुम्हीच म्हणालात, काढा."

"मी दुखण्याने वेडी झाले होते. तुम्ही तर शुद्धीवर होतात ना?"

माझा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला असणार. जाऊ दे. मी त्यांना आजाराचं नाव कागदावर लिहायला लावलं. तो कागद टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवला आणि मगच उठले.

मार्चमध्ये त्यांचा फोन आला. मी जवळजवळ उचललाच नव्हता.

"डभोईहून एक बेन आल्या आहेत," ते गुजरातीत म्हणाले. "दात चांगले आहेत. बोलतच नाहीत. तुम्ही याल का?"

मी गेले. साधारण चाळिशीची बाई, पदर गालापासून लांब धरून बसलेली. बरोबर तिची सासू होती. "नाटकं करते," सासू मला म्हणाली. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

"बोलू नका," मी त्या बाईला म्हटलं. "नुसती मान हलवा. वाऱ्याने होतं?"

होकार.

"दात घासताना?"

होकार.

"विजेसारखं? आणि मग एकदम थांबतं?"

तिने मान हलवली आणि रडायला लागली. रडतानाही चेहरा हलू नये म्हणून ती जपत होती. मी न्यूरोलॉजिस्टचा पत्ता लिहून दिला, आणि डॉक्टरांनी त्याखाली स्वतःची चिठ्ठी जोडली. त्या दिवशी तिचा एकही दात काढला गेला नाही.

दीड महिन्याने ती माझ्या घरी आली. एकटी, बसने. गोळी लागू पडली होती. दारातून आत येऊन बसली, पाणी प्यायली, आणि मग तिने आधीच्या डॉक्टरांना, सासूला, नवऱ्याला, ज्याने ज्याने "तुझ्या मनाचे खेळ" म्हटलं होतं त्या प्रत्येकाला, मोठमोठ्याने शिव्या द्यायला सुरुवात केली. दहा मिनिटं तिचं तोंड थांबलं नाही. एकदाही गालाला हात गेला नाही.

मी तिला मधे अडवलं नाही. चहा टाकला, आणि ऐकत राहिले.