छापील भावाची लाल गाडी

मी आयुष्यात एकदाच मोटार विकत घेतली, आणि मालक मागत होता त्याच्यापेक्षा चारशे रुपये जास्त देऊन घेतली.

तेसुद्धा भांडून! मालक बिचारा कमी घ्यायला तयार होता. मी ऐकलं नाही.

(हे मी बोलतोय आणि माझी सून लिहून घेतेय. शाळेच्या पायरीवर मी फक्त पावसात आडोशाला उभा राहिलोय. तेव्हा लिहिण्यातल्या चुका तिच्या, गाढवपणा माझा.)

तेव्हा भाईंदरला बिल्डिंगा नव्हत्या, मिठागरं होती. आम्ही रत्नागिरीकडचे, नवघरात झोपडं बांधून राहायचो. मी आणि माझी बायको इंदू, दोघंही मिठागरावर. मी फावड्याने मीठ ओढायचो, ती पाट्या डोक्यावरून वाहायची. पुढे मी मिठागराच्या शेटच्या लॉरीवर चढलो, आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. पण ही गोष्ट सुरू होते त्याच्या आधी, एका सकाळी.

त्या दिवशी घोडबंदर रोडच्या कडेला आम्ही मीठ भरत होतो. तेवढ्यात समोरून एक लाल गाडी आली. दोनच सीट, वर छप्पर नाही, नाक हे एवढं लांब, आणि जमिनीपासून उंची म्हणाल तर एक वीत! वरसाव्याच्या बंगल्यातला साहेब चालवत होता, बाजूला त्याची मॅडम. तिचे केस असे मागे उडत होते. गाडी सुंकन निघून गेली. इंदू बघतच राहिली.

"अहो, त्या बाईच्या केसांत वारा कसा शिरतोय बघा," ती म्हणाली.

तिच्या डोक्यावर मिठाची पाटी होती. वाऱ्याला शिरायला जागाच नव्हती.

मी म्हटलं, "तुला नेईन मी एकदा. ह्याच गाडीतून."

"पाटीसकट?" ती म्हणाली, आणि चालायला लागली.

ती मस्करी समजली. मी मात्र दहा वर्षं पत्र्याच्या डब्यात नोटा कोंबत बसलो.

आता मधे एक सांगायलाच पाहिजे, नाहीतर माझं डोकं तुम्हाला कळायचं नाही. मिठागरावर मजुरीचा भाव मुकादम तोंडी सांगायचा. सकाळी एक, संध्याकाळी दुसरा! शेवटी आम्ही काम बंद पाडलं. तेव्हा शेटने भाव छापून आणला आणि ऑफिसच्या दारावर चिकटवला. वाचता आमच्यात एकालाही येत नव्हतं, पण येता-जाता सगळे त्या कागदाला नमस्कार करायचे. आणि त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मुठीत मीठ घेऊन शपथ घेतली, की छापील भावाच्या खाली जायचं नाही. जीव गेला तरी नाही!

मी शपथ घेतली की घेतली. तिचं डोकं कुठे आणि शेपूट कुठे, ते बघत बसत नाही.

तर दहा वर्षांनी बातमी आली की वरसाव्याचा साहेब विलायतेला चाललाय आणि लाल गाडी विकतोय. माझ्या डब्यात बाराशे रुपये होते. त्यातले आठशे माझे, गाडीसाठीचे. चारशे इंदूचे, घरावर कौलं घालायला ठेवलेले. मी धावत पास्कूकडे गेलो. पास्कू म्हणजे उत्तनच्या बाजूला चौक गाव आहे, तिथला माझा दोस्त. होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, आणि इंग्रजी वाचतो अशी त्याची ख्याती होती.

"गणू, असा जाऊ नको," पास्कू म्हणाला. "साहेब लुबाडील तुला. माझ्याकडं पुस्तक हाय."

मुंबईच्या फुटपाथवरून घेतलेलं इंग्रजी पुस्तक! आत जुन्या मोटारींचे फोटो आणि खाली भाव. त्यातसुद्धा दोन सीटच्या उडणाऱ्या गाड्यांचं पान वेगळं. मी पुस्तक डोळ्यांना लावलं. छापील होतं ना!

आम्ही दोघं वरसाव्याला गेलो. बंगला खाडीच्या काठावर, गाडी बदामाच्या झाडाखाली. मी लॉरी ड्रायव्हर, मला काय शिकवता? चारही टायरना लाथ मारली. भोंगा वाजवला. खाली मात्र वाकून बघितलं नाही. गाडी एवढी बुटकी, की बघायला जमिनीवर पालथं पडावं लागलं असतं, आणि अंगात धुतलेला शर्ट होता.

साहेब म्हणाला, "आठ सौ दे दो, ले जाओ."

मी पास्कूकडे बघितलं. पास्कूने फोटो जुळवला आणि भावावर अंगठा ठेवला. "बाराशे हाय."

"साहेब, बारा सौ!" मी म्हटलं.

"नहीं भाई, आठ सौ."

"बारा सौ! किताब में छपा है!"

साहेबाने चष्मा काढून पुसला. "तुम खरीदने आया है ना?"

"हां!"

"तो ठीक है, सात सौ दो."

माझं डोकंच सणकलं. हा माणूस मला माझ्या शपथेवरून खाली ओढतोय! मी ओरडलो, "साहेब, मैंने हाथ में नमक लेके कसम खाया है! छपा हुआ भाव के नीचे मैं नहीं जाएगा!"

साहेबाने मॅडमला बाहेर बोलावलं. दोघं इंग्रजीत काहीतरी बोलले. मॅडम माझ्याकडे दवाखान्यातल्या नर्ससारखी बघत होती. शेवटी साहेबाने बाराशे घेतले, आणि भला माणूस म्हणून वर हवा भरायचा पंप फुकट दिला, चहा दिला, आणि ढकलायला दोन माळी दिले.

ढकलायला माळी दिले, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं!

घरी इंदूने डबा उघडला. रिकामा.

"कौलांचे?" तिने विचारलं.

मी शपथेची गोष्ट सांगितली. छाती काढून सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो," ती म्हणाली, "ती शपथ मजुरी घेताना होती. देताना नव्हती."

मी खाली बसलो. इतकी वर्षं हे मला कोणी सांगितलं नव्हतं!

"घराला छप्पर नाही, गाडीला छप्पर नाही," इंदू म्हणाली. "मेळ तरी बसला." आणि त्या रात्री जेवणात मीठ जरा जास्तच पडलं.

पुढच्याच महिन्यात पास्कूच्या बहिणीचं लग्न होतं, चौकला. मी ठरवलं, इंदूला गाडीतून न्यायचं. पास्कूने होडीच्या इंजिनाचे दोन-चार भाग बसवून गाडी चालती केली (आवाज होडीचाच यायचा, नाक्यावरचे लोक भरती आली का बघायला वळायचे). इंदूने हिरवी साडी नेसली, केस मोकळे सोडून वर नुसता गजरा माळला. आयुष्यात पहिल्यांदा ती मोकळ्या केसांनी घराबाहेर पडली. हातात आहेर, पितळेचा हंडा. तो तिने पायाशी ठेवला.

"निघू?" मी विचारलं.

"एवढ्या वर्षांनी विचारताय? निघा!"

मुर्धा गावापर्यंत गाडी अशी चालली की काय सांगू! इंदूचे केस उडायला लागले. ती डोळे मिटून बसली. मी रस्ता कमी आणि तिलाच जास्त बघत होतो.

राई गाव आलं आणि इंदू म्हणाली, "अहो, हंडा गेला."

"कुठे गेला?"

"खाली."

मागे बघितलं, तर रस्त्यात हंडा गडगडतोय! गाडीची तळाची पत्र्याची फरशी पापडासारखी मोडली होती. खाडीच्या खाऱ्या हवेने खालून सगळी खाल्लेली. जन्म मिठात घालवलेला माणूस मी! दर हंगामाला लोखंडाचं फावडं गळून पडताना बघायचो, आणि गाडीच्या पोटाखाली बघितलं नाही. पुस्तकात खाऱ्या हवेचा रकानाच नव्हता ना!

"थांबवा," इंदू म्हणाली.

मी ब्रेक दाबला. ब्रेकपण हंड्याच्या मागोमाग गेला.

"आता चप्पल गेली," इंदूने कळवलं. मग, "दुसरीपण." मग जरा वेळाने, एकदम खालून आवाज आला, "अहो, आता मी गेले."

सीट तिच्यासकट रस्त्यावर बसली होती! गाडी तोवर बैलाच्या चालीवर आली होती म्हणून लागलं-बिगलं काही नाही. मी पुढे जाऊन बांधाला टेकलो आणि पळत मागे आलो. बघतो तर इंदू रस्त्याच्या मधोमध सीटवर तश्शीच, पदर सावरून बसलेली. मला वाटलं, आता रडेल. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "माझं तिकीट इथपर्यंतचंच होतं का?"

आणि हसायला लागली. एवढी हसली, एवढी हसली, की गजरा सुटून पडला.

मागून गवताची बैलगाडी आली. गाडीवानाने मोटार दोराने बांधली. इंदूला म्हटलं, गवतावर बस. ती म्हणाली, "दहा वर्षं थांबलेय, मी मोटारीतूनच जाणार!" आणि मागे, कधीकाळी कापडी छप्पर गुंडाळून ठेवायचे त्या जागी, उंच चढून बसली. मांडीवर हंडा. चौक गावात शिरलो तेव्हा बँडवाल्यांना वाटलं नवरीच आली. त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली! सगळं गाव बाहेर. इंदू सगळ्यांना हात करतेय, बैल चालतायत, आणि मी, बांधाला टेकताना निखळलेलं, कशालाही न जोडलेलं स्टिअरिंग भक्तिभावाने फिरवतोय!

मांडवात मी पास्कूला धरला. "काय रे तुझं पुस्तक!"

तिथे चर्चचे फादर बसले होते. त्यांनी पुस्तक मागून घेतलं, चाळलं, आणि विचारलं, "पास्कल, हा बाराशेचा रकाना अगदी नव्यासारख्या गाडीचा आहे. मोडकीचा भाव शेवटच्या रकान्यात आहे, दोनशे. तू वरचं वाचलं नाहीस?"

पास्कूने मान खाली घातली. "फादर, मला आकडं येतात. अक्षरं न्हाय येत."

"आणि पहिल्याच पानावर लिहिलंय," फादर म्हणाले, "की हे भाव अंदाजे आहेत. आधी गाडी स्वतःच्या डोळ्यांनी नीट बघावी."

"अंदाजे होते तर छापले कशाला?" मी विचारलं. फादरनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. आजपर्यंत मी हे भेटेल त्याला विचारतो.

गाडी चौकलाच राहिली. पास्कूची आई तिच्यावर बोंबील सुकवायची. घरी आली फक्त ती इंदूची सीट. कौलं पुढे चार वर्षांनी चढली, पण सीट दारात तेव्हापासून होती. इंदू तिच्यावर बसून तांदूळ निवडायची, आणि संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की केस मोकळे करून नुसती बसायची. मी बाजूला जमिनीवर. कधीतरी मान न वळवताच म्हणायची, "अहो, जरा हळू चालवा."

आता इंदू नाही. बाजूला बिल्डिंगा झाल्या, वारा पूर्वीसारखा येत नाही. सीट आहे.

मध्यंतरी भंगारवाला आला. "चाचा, ये सीट कितने में दोगे?"

"छपा हुआ भाव दिखा," मी म्हटलं. मनात म्हटलं, नुसत्या सीटचा भाव कोण छापतंय!

तर परवा बेटा खरंच छापील कागद घेऊन आला. सीटचा फोटो, समोर आकडा. मी कागद घेतला, उलटा धरला, बराच वेळ बघितला, आणि परत दिला.

"बेटा," मी म्हटलं, "मुझे पढ़ना नहीं आता."

शाळेत न गेल्याचा आयुष्यात तेवढा एकच फायदा झाला.