लव्हालला ठेवून आलेला डबा

माझे वडील वाशीमच्या एसटी स्टँडवर हमाल होते. गाडी लागली की टपावर चढायचे आणि लोकांची बोचकी उतरवायचे. स्वतः गाडीत बसलेले मी त्यांना फारसं पाहिलं नाही. आम्ही सहा जण पत्र्याच्या एका खोलीत राहायचो. उन्हाळ्यात आई ओलं गोणपाट आमच्या अंगावर टाकायची. संध्याकाळचा बेत बहुतेक वेळा भाकरी आणि मिरचीचा ठेचा. पण शेजारणीनं वाटीभर भाजी दिली, तर ती वाटी आमच्याकडून कधी रिकामी परत गेली नाही. आई तिच्यात चिमूटभर साखर घालायची. साखर नसली तर कढीपत्त्याच्या चार काड्या. "कोनाच्या घरी रिकामं भांडं धाडाचं नसते," एवढंच तिचं शास्त्र होतं.

मी शिकले ती खो-खोमुळे. तालुक्याच्या लहानशा कॉलेजात मुलींचा संघ होता आणि संघातल्या मुलींना वसतिगृहात फुकट जागा होती. म्हणून मी पळाले, जीव तोडून पळाले. वडिलांच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते, इथेही सांगून टाकलं. त्यामुळे कॉलेजचा संघ म्हणजे पोरींची हौस असं कुणाला म्हणायचं असेल, तर त्यानं माझ्यासमोर बसून म्हणावं.

आता मी परदेशात, मिल्टन नावाच्या गावात राहते आणि जवळच मिसिसागाला एका मालवाहतूक कंपनीत काम करते. आमची लेक सई ह्युरॉन सरोवराकाठच्या एका लहान गावात कॉलेजला होती आणि तिथल्या व्हॉलीबॉल संघात खेळायची. गेल्या नोव्हेंबरात तिच्या कोचचा, म्हणजे शेरिलचा, मला फोन आला.

"तुमच्याकडे मोठी गाडी चालवायचं लायसन्स आहे ना? लव्हालला यायचंय."

लव्हाल म्हणजे मॉन्ट्रियलच्या डोक्यावरचं शहर, दुसऱ्या प्रांतात. एका व्हॉलीबॉलच्या सामन्यासाठी एवढं लांब का, ते सांगायला हवं. इथे कॉलेजांचे गट असतात आणि गटातल्या गटात सामने होतात. सईच्या कॉलेजच्या गटात आजूबाजूच्या गावांतली सहा कॉलेजं होती. सकाळी निघावं, खेळावं आणि जेवायला घरी यावं. मग त्यातल्या दोन मोठ्या कॉलेजांना आणखी मोठ्या गटाची स्वप्नं पडली आणि ती उठून गेली. उरलेल्यांची वाटणी झाली. लग्नाहून परतताना उरलेलं पोर मिळेल त्या गाडीत कोंबतात ना, तसं आमचं कॉलेज पूर्वेच्या गटात कोंबलं गेलं. तिथली कॉलेजं मोठी आणि लांब. "तुम्ही या" असं सगळी म्हणत, "आम्ही येतो" असं कुणी म्हणेना. आमचं जिम लहान, गावात हॉटेल एक, तेही हिवाळ्यात अर्धं बंद.

आणि नव्या गटाचा नियम असा, की प्रत्येक कॉलेजनं हंगामात निदान एक सामना स्वतःच्या जिममध्ये घेतला पाहिजे. नाही घेतला तर गटातून नाव कमी. गट नाही तर संघ नाही. शेरिलचं सगळ्यांना विचारून झालं होतं. फक्त लव्हालनं अजून नकार दिला नव्हता.

"म्हणजे आपण खेळायला जातोय की आमंत्रण द्यायला?" मी विचारलं.

"दोन्ही," शेरिल म्हणाली. "खेळात काही खरं नाही. आमंत्रणावर लक्ष ठेवू."

आमंत्रण द्यायला जायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं? आदल्या दिवशी मी तिखट-मिठाच्या पुऱ्या तळल्या, बटाट्याची सुकी भाजी केली आणि बेसनाचे लाडू वळले. लाडू भरले आईच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात. तो मी भारतातून येताना हातातल्या सामानात आणला होता. झाकणावर आईचं नाव कोरलेलं आहे, 'सौ. अनसूया', आपल्याकडे भांड्यांवर असतं तसं. आई गेली, डबा राहिला.

सकाळी कॉलेजची मिनीबस आमच्या दारात आली. शेरिल पन्नाशीची, आडव्या बांध्याची, डोक्यावर कायम लोकरीची टोपी. आमचे हे, म्हणजे प्रशांत, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करता करता गाडीभोवती फिरून चाकं बघून आले.

"विंटर टायर्स आहेत ना?"

"तुम्हीच आत्ता बघितलेत."

"तरी विचारलेलं बरं."

अर्धा रस्ता शेरिलनं चालवायची आणि अर्धा मी, असं ठरलं. माझी पाळी आली तेव्हा उंच सीटवर बसून एकदम वडील आठवले. त्यांनी जन्मभर गाडीच्या टपावर काम केलं आणि त्यांची लेक स्टिअरिंगला बसली होती. मी मान जरा जास्तच ताठ करून गाडी चालवली. सईनं मागून विचारलं, "आई, आर यू ओके? व्हाय आर यू सिटिंग लाइक दॅट?"

चारशे एक नंबरचा हमरस्ता सरळ आहे, एवढंच त्याच्याबद्दल सांगण्यासारखं. पण त्या मिनीबसचा हीटर फक्त मागच्या बाजूला चालायचा. मागे मुली टीशर्टवर गाणी म्हणत होत्या आणि पुढे शेरिल आणि मी हातमोजे घालून दात वाजवत होतो. वॉशरूमचं तर विचारू नका. थांबलो की कुणालाच जायचं नसायचं आणि निघालो की एकेकीला आठवायचं. वाटेतल्या किंग्स्टनच्या आधी पुऱ्यांची पिशवी मागे दिली. किंग्स्टनच्या पुढे पिशवी रिकामी होऊन पुढे आली. 'पुरी' म्हणजे 'फुगलेली चपाती, पण पार्टीला जाणारी' असं सईनं मैत्रिणींना समजावलं. यापेक्षा बरी व्याख्या मलाही जमली नसती.

क्युबेकच्या हद्दीत शिरलो तशा पाट्या फ्रेंच झाल्या. 'सॉर्ती' म्हणजे बाहेर पडायचा रस्ता, हे शेरिलला माहीत होतं. कुठल्या सॉर्तीनं बाहेर पडायचं, हे दोघींनाही माहीत नव्हतं. त्यामुळे आम्ही एक पूल पार करून मॉन्ट्रियल बेटावर गेलो, दुसऱ्या पुलानं बाहेर आलो, आणि पुन्हा पहिल्यावर. खाली गोठायला लागलेली नदी करड्या रंगाची, तिच्यावर वाफ. दुसऱ्या खेपेला ती फारच सुंदर दिसली, कारण शेरिल तोपर्यंत बोलायची थांबली होती.

लव्हालचं जिम पाहून आमच्या मुली दारातच थबकल्या. वर चार बाजूंचा चमकता फलक, खाली आरशासारखी लाकडी जमीन. त्यांच्या मुली अशा उंच, की जाळीच्या त्या बाजूला झाडं लावल्यासारखं वाटावं. सामन्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. तीन सेट खेळले, तिन्ही हरलो. सई मागच्या रांगेत चेंडू उचलायला इतकी पालथी पडत होती, की जमीन जास्त चमकवायला नेमलीय की काय असं वाटावं. पण एकीनंही शेवटचा चेंडू सोडला नाही. मी घसा बसेस्तोवर ओरडले. ओरडणारी मी एकटीच होते.

जुन्या गटात पद्धत होती, की सामना झाला की यजमानांचे आईबाप दोन्ही संघांना जेवू घालायचे. इथे तसं काही नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. यजमान जेवण मांडत नाहीत म्हटल्यावर मला वाटलं, त्यांची काही अडचण असेल. म्हणून मी बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर भाजी, उरलेल्या पुऱ्या आणि लाडवांचा डबा मांडला. लगेच एक रखवालदार आला.

"बाँजूर मादाम. इथे खायला परवानगी नाही."

"तुम्ही खाऊन बघा. मग सांगा."

त्यानं लाडू खाल्ला. मग तो कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मी याला परवानगी समजले. थोड्या वेळानं लव्हालच्या उंच मुली वाकून डब्यात बघायला लागल्या. एकीनं 'मेर्सी' असे आभार मानून दोन लाडू उचलले, एक तोंडात आणि एक जॅकेटच्या खिशात. आपल्याच गावची वाटली.

तिकडे शेरिल त्यांच्या कोचशी, जोसियानशी, बोलत होती. जोसियान सडसडीत, पांढरे केस, गळ्यात शिट्टी. शेरिल परत आली ती टोपी कानापर्यंत ओढत.

"काय म्हणाली?"

"बघते म्हणाली. कॅलेंडर बघून ईमेल करते."

"म्हणजे नाही."

"तुमच्याकडेही असंच असतं का?"

"आमच्याकडे कॅलेंडरचंही नाव घेत नाहीत. नुसतं 'बघू'."

आम्ही आवरायला लागलो, तेवढ्यात जोसियान स्वतः आली. हातात आईचा डबा, स्वच्छ धुतलेला.

"मादाम, तुमचा डबा. माझ्या मुलींनी आत नेऊन सगळं संपवलं, माफ करा."

मी हात पुढे केला नाही. ठरवून नाही, हात गेलाच नाही. भरलेल्या डब्यातलं खाऊन कुणी तो रिकामा परत करतंय, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

"रिकामा घेत नाहीत आमच्यात," माझ्या तोंडून गेलं.

जोसियाननं शेरिलकडे बघितलं. शेरिलनं छताकडे. सई म्हणाली, "ओ माय गॉड, आई."

"म्हणजे यात काहीतरी घालायचं?"

"हो."

जोसियाननं खिशातून एक एनर्जी बार काढला, डब्यात टाकला, झाकण लावलं आणि डबा पुढे केला. "व्वाला! हे घ्या."

झाली पंचाईत. कढीपत्त्याच्या काड्या चालवणाऱ्या घरची मी. एनर्जी बारला नाही म्हणायला शास्त्राचा आधार नव्हता. पण डबा घेतला असता तर हिशेब मिटला असता, आणि आम्हा दोघींमध्ये काहीच उरलं नसतं. मग मी आईची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि शास्त्र वाढवलं.

"घरी केलेलं लागतं. आणि पोस्टानं चालत नाही. आणून द्यावं लागतं."

"दॅट्स नॉट अ रूल!" सई किंचाळली.

"तू गप. तुझा जन्म मिसिसागाचा, तुला काय माहीत?"

जोसियान हसायला लागली. "आणून द्यायचं? कुठे?"

"कॉलेजात. आमच्या जिममध्ये. मुलींनाही आणा बरोबर, डबा जड आहे."

आता शेरिलनं छत सोडून जमिनीकडे पाहायला सुरुवात केली होती. जोसियाननं झाकणावर बोट फिरवलं. "हे काय लिहिलंय?"

"माझ्या आईचं नाव."

तिचं हसू थांबलं. "आणि मी आलेच नाही तर?"

"तर आईचा डबा गेला," मी म्हटलं. म्हणताना सोपं वाटलं होतं. ऐकताना मी दोन्ही हात पाठीमागे घेतले, आणि डबा तिच्याकडेच राहिला.

रात्री मोटेलात मुक्काम केला आणि सकाळी परत निघालो. रस्ता तोच, सरळ. मांडीवर डबा नसल्याचं मला प्रत्येक वळणावर जाणवत होतं, आणि त्या रस्त्याला वळणंसुद्धा फार नाहीत. मुली मागे झोपल्या होत्या. सई पुढे येऊन गारठ्यात माझ्या शेजारी बसली.

"आई, इफ शी डझंट कम?"

"तर तुझा खेळ बंद आणि मला लाडू ठेवायला जागा नाही."

मग तीच मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "आजीला राग येईल?"

"आजीनं यापेक्षा मोठ्या आशेवर यापेक्षा लहान वाट्या पाठवल्यात," मी म्हटलं. पण खरं सांगते, माझी खात्री नव्हती. परदेशात इतकी वर्षं काढल्यावर एक कळलंय. आपल्या रीती इथे चालतात की नाही, हे त्या समोरच्याच्या हातात ठेवून बघितल्याशिवाय समजत नाही. आणि ठेवायचं म्हणजे हातातून सोडावं लागतंच.

घरी आल्यावर प्रशांतनं सामान उतरवलं आणि विचारलं, "आईंचा डबा?"

"लव्हालला."

"विसरलीस?"

"ठेवून आले."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच टायर्सबद्दल काही न विचारता आत गेले.

डिसेंबर गेला, ईमेल नाही. जानेवारी अर्धा गेला. मी लाडू प्लास्टिकच्या डब्यात ठेवले, त्यांना चव आली नाही. मग एका दुपारी शेरिलचा फोन आला. ती नुसती हसत होती, मला आधी वाटलं रडतेय.

फेब्रुवारीत, बर्फातून, लव्हालची बस सईच्या कॉलेजच्या दारात उभी राहिली. पहिली उतरली जोसियान. हातात डबा, लोकरीच्या मफलरमध्ये बांधलेला. तो सबंध रस्ता मांडीवर धरून आणला, असं तिच्या मुलींनी सांगितलं. मी झाकण उघडलं. आत 'तार्त ओ स्युक्र' (साखरेच्या दाट सारणाची भाजलेली पोळी, त्यांचा सणाचा पदार्थ).

"घरी केलेलं आहे," जोसियान म्हणाली. "माझ्या आईनं केलं. तिला नियम सांगितला, तर म्हणाली, यात नवीन काय आहे?"

आणि तिनं पिशवीतून एक जुनं, कडा उडालेलं चिनी मातीचं भांडं काढून माझ्या हातात दिलं. त्यात आणखी तार्त होतं.

"हे भांडं आईचं. आम्हीही रिकामं घेत नाही. पोस्टानंही नाही."

आमचं लहान जिम त्या दिवशी गच्च भरलं होतं. गावातल्या एकमेव हॉटेलनं बंद खोल्याही उघडल्या होत्या. सामन्यानंतर आईबापांनी दोन्ही संघांना जेवू घातलं. आम्ही तीन-एक हरलो, म्हणजे एक सेट जिंकलो. घरच्या सामन्याची नोंद झाली, गटात नाव राहिलं, संघ बंद झाला नाही. सई त्याच संघात खेळत यंदा पदवीधर झाली. वाशीमच्या स्टँडवरच्या हमालाच्या घरातली ती दुसरी.