शालन आत्याच्या गोळ्या

माझ्या आत्याला एड्स नव्हता.

एकदाच स्पष्ट लिहिते. म्हणजे आज तिच्या वर्षश्राद्धाचं जेवून हात पुसता पुसता कुणी मला पुन्हा विचारणार नाही.

शालन आत्या. माझ्या वडिलांची, आण्णांची, थोरली बहीण. कोऱ्हाळ्यात राहायची. वय साठीच्या पुढं. एक म्हैस आणि आमचे मामा, म्हणजे तिचे यजमान, एवढाच संसार.

मामांची सगळी हयात उसाच्या ट्रकवर गेली. म्हातारपणी घरी आले आणि ताप धरला. हटेचना. तपासणीत एचआयव्ही निघाला.

आत्यानं त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. बरेच दिवस बोलली नाही. ताट मात्र वाढत होती. मग बोलायला लागली. तो त्या दोघांचा मामला होता.

तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला.

सरकारी दवाखान्यात मामांच्या गोळ्या फुकट. आत्याला लागण होऊ नये म्हणून रोज घ्यायच्या गोळ्या तिथं नव्हत्या. बाहेरून आणा म्हणाले.

म्हणजे रोग झाला तर फुकट. होऊ नये असं वाटत असेल तर तुमचं तुम्ही बघा. वा.

निरोधही दिले होते. पण डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "मावशी, ते त्यांच्या हातात. गोळी तुमच्या हातात. त्यांचा आजार आटोक्यात येईपर्यंत रोज घ्या."

ती घ्यायला लागली. दुधाच्या पगारातून. डेअरीचे पैसे आले की आधी गोळ्या, मग म्हशीची पेंड, उरलं तर तेल-मीठ.

बारामतीतल्या मेडिकलवाल्यानं विचारलं, "आजी, कुणाला पाहिजेत?"

"मला."

"या वयात?"

आत्यानं पैसे मोजून दिले. तो गप्प बसला नाही. आमच्याच भावकीतल्या एकाच्या कानाला लागला, आणि आठवड्याभरात कोऱ्हाळ्यात बातमी. शालनला ती बिमारी हाय.

गोळी घेते म्हणजे रोग असणारच. होऊ नये म्हणूनही गोळी असते, हे ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

मग डेअरीवाला दारात. "आक्का, उद्यापासनं तुमचं दूध नको. लोकं नावं ठेवत्यात."

दुधातून एचआयव्ही. हातात स्मार्टफोन असलेली माणसं ही.

गोळीमुळं दूध बंद. दूध बंद म्हणून गोळी बंद व्हायची पाळी.

भाऊबीजेला ती माहेरी, कन्हेरीला आली. मीही इंदापूरहून, सासरहून आले होते. ओवाळून झालं. आण्णा साडीची पिशवी पुढं करायला लागले तशी ती म्हणाली, "आण्णा, औंदा साडी नको. मला गोळ्या घेऊन दे."

आण्णा ताटाकडं बघत म्हणाले, "आक्का, ह्या वयात कसल्या गोळ्या? वेगळं झोपायचं. इषय संपला."

कुणीतरी हसू दाबलं. मला ऐकू आलं.

आत्या शांतपणे म्हणाली, "उभा जन्म ह्यो माणूस रस्त्यावर झोपला. आता कुठं घरात झोपतोय. आता त्येला वेगळा टाकू व्हय? आन ते तू मला सांगणार?"

साडीच मिळाली. भारी होती, जरीची. आईनं पदर उलगडून सगळ्यांना दाखवला.

पुढच्या बाजारात तिनं म्हैस विकली. मी पैसे देते म्हटलं तर ऐकेना. "तुझं कशाला? भावाकडं मागितलं ते हक्काचं व्हतं."

शेवटपर्यंत तिनं गोळी चुकवली नाही. एका सकाळी अंगणात भांडी घासताना हार्ट अटॅक आला आणि गेली. त्याआधीची शेवटची तपासणीसुद्धा निगेटिव्ह होती.

तरी तिला अंघोळ घालायला एक बाई पुढं आली नाही. एकीनं विचारलं, "हातमोजं हायती का?"

मामांनी आणि मी घातली.

आज वर्ष झालं. आण्णांनी कोऱ्हाळ्याच्या चौकात फ्लेक्स लावलाय. एसटीतून दिसेल एवढा. आत्याचा हसरा फोटो, दोन बाजूंना समया, 'प्रेमळ, मायाळू' वगैरे. खाली 'शोकाकुल' म्हणून भावकीतली झाडून सगळी नावं. डेअरीवाल्याचंसुद्धा.

मामांचं नाव नाही.

सकाळी मामा तिथं उभे होते. वरपासून खालपर्यंत त्यांनी सगळं वाचलं.

मग म्हणाले, "फोटो चांगला आलाय तिचा."

आण्णा, तुम्हाला टॅग केलंय. काढून टाकू नका, वाचा. या फ्लेक्सच्या पैशात तुमच्या बहिणीच्या गोळ्या आल्या असत्या. तुमच्याकडं पैसे नव्हते असं नाही. म्हातारी बाई नवऱ्याजवळ झोपते याची तुम्हाला लाज वाटली.

आत्या, तुझ्यासाठी नीट रडायचंही राहून गेलंय. अजून रागच ओसरत नाही.

जा सुखानं.

शोकाकुल,
तुझा नवरा.
आणि मी.