क्विन्सीचा डावा गुडघा

लेस्टर टॉलिव्हर माझा शेजारी. फ्लिंट शहराच्या बसडेपोत इंजिनं खोलण्यात त्याची उभी हयात गेली. बायको वर्लीन वारली त्या हिवाळ्यात तो रडलाही नाही. गॅरेजमध्ये हीटर लावून मोबाइल घेऊन बसायला लागला. त्यावर सट्ट्याचा बाजार चाले: आज अमुक बास्केटबॉलपटू दोनपेक्षा जास्त ब्लॉक करणार का, म्हणजे समोरच्याने फेकलेला चेंडू हवेतच थोपवणार का? 'हो' घ्या नाहीतर 'नाही' घ्या. सामना संपेपर्यंत भाव वरखाली. जिंकला तरी लेस्टरचा चेहरा तोच, हरला तरी तोच.

एकदा मी वैतागून म्हटलं, "अरे बाबा, जिंकलायस! निदान हस तरी."

"हसलोच की," तो म्हणाला.

त्याचा मुलगा क्विन्सी मोठ्या संघात, ब्लॉकसाठीच ठेवलेला. उडी त्याला लेस्टरनेच शिकवली, याच गॅरेजच्या दारावरच्या रिंगखाली. सामन्याच्या दिवशी सराव आटोपला की दुपारी झोपण्याआधी क्विन्सी बापाला फोन करी. बाकी आतेभाऊ काय, शाळेतले मास्तर काय, सगळे त्याची तब्येत विचारत ती बाजारासाठी. बापाशी तेवढा तो मोकळा बोले. लेस्टरमध्ये जे काही जिवंत उरलं होतं, तेही त्या फोनपुरतंच.

खेळाडूच्या घरच्यांना या बाजारात मनाई आहे. लेस्टरचं खातं मेहुणीच्या नावावर होतं.

जानेवारीत क्विन्सी फोनवर म्हणाला, "डॅड, डावा गुडघा धरलाय. कोचला बोललो नाही, पण आज उडी काही मारवत नाही."

"बर्फ लाव आणि झोप," लेस्टर म्हणाला. फोन ठेवला आणि माझ्यादेखत क्विन्सीवर 'नाही' घेतलं.

"पोटच्या पोरावर?" मी ओरडलोच.

"गुडघा तसाही दुखतोच आहे."

मला त्याची भयंकर चीड आली. त्याला स्वतःची आली नाही.

त्या सामन्यात क्विन्सीचा एकच ब्लॉक झाला. पुढच्या फोनवर पोरगा स्वतःवरच चिडला होता. "एकच, डॅड! लाज वाटली मला."

लेस्टर राजमा-खिम्याची चिली ढवळत होता, लक्ष धड नव्हतं. म्हणाला, "बरं झालं ना, एकावरच थांबलास."

फोन स्पीकरवर होता, मलाही ऐकू येत होतं.

"कुणाचं बरं झालं, डॅड?"

लेस्टरने हातातला डाव खाली ठेवला. काहीतरी थाप मारली असती तर खपलीही असती. ती त्याला सुचली नाही.

दुपारचे फोन बंद झाले.

मार्चमध्ये एका सामन्यात क्विन्सी उडी मारून वाकडा खाली आला. दोघांनी त्याला उचलून बाहेर नेलं. लेस्टरने बाजार उघडूनही पाहिला नाही. फोन लावत राहिला. दुसऱ्या दिवशी क्विन्सीने उचलला.

"बाळा, गुडघा कसा आहे रे?"

"संघाने जाहीर केलंय सगळं. तिथं बघ."

"अरे, मी त्यासाठी नाही विचारत!"

"सगळे असंच म्हणतात, डॅड." आवाजात राग नव्हता. कुणा अनोळखी माणसाला द्यावं तसं उत्तर होतं.

आता सामन्याच्या संध्याकाळी लेस्टर माझ्याकडे टीव्ही बघायला येतो. मोबाइल घरी ठेवून येतो. निवेदक जखमी खेळाडूंची नावं सांगायला लागला की मी आवाज वाढवतो आणि लेस्टर खुर्ची पुढे ओढतो. पोराच्या गुडघ्याची खबर त्याला तिथूनच कळते.